दोनशे वॅटचा ताळेबंद

मराठीत संगीतसमीक्षा विपुल आहे. घराण्यांवर ग्रंथ आहेत, नाट्यसंगीतावर प्रबंध आहेत. ग्वाल्हेरची तान आणि जयपूरची तान यांच्या वादात दोन सज्जनांचे बोलणे कायमचे बंद झालेले मी स्वतः पाहिले आहे. पण पिकअपच्या केबिनमध्ये बसवलेल्या स्पीकरांवर गंभीरपणे लिहिलेले एक पानही माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक रात्री दोन ते पाच या वेळात, पाठीशी टोमॅटोचे क्रेट घेऊन जेवढे संगीत ऐकले जाते, तेवढे कुठल्या सभागृहात ऐकले जात असेल असे मला वाटत नाही. शिवाय हा श्रोता मध्येच उठून बटाटेवडा खायला जात नाही.

आता, तुमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. मी बी.कॉम. आहे आणि बँकेत क्लार्क आहे. गाण्यातले मला हार्मोनियम कुठल्या बाजूने भात्याने हलवतात एवढेच कळते. पण प्रस्तुत पिकअप माझ्या भाच्याचा आहे आणि त्याच्या कर्जाला जामीनदार मी आहे. समीक्षकाला कलाकृतीशी इतके घट्ट नाते क्वचितच लाभते.

भाचा नारायणगावचा माल पुण्याच्या मार्केट यार्डात पोचवतो. गाडी घेतल्यावर तिसऱ्या महिन्यात त्याने ‘साउंड टाकला’. दोन्ही दारांत सहा-सहा इंची स्पीकर, सीटच्या पाठीमागे दहा इंची वूफरचा डबा, सीटखाली अँप्लिफायर आणि डॅशबोर्डात नवा डेक. डेकच्या खोक्यावर ‘50 वॅट गुणिले 4’ असे छापले होते. म्हणजे दोनशे वॅट. वूफरच्या खोक्यावर तर हजाराचा आकडा होता आणि त्याच्यापुढे ‘पीएमपीओ’ अशी बारीक अक्षरे. बारीक अक्षरे दिसली की आमच्या खात्यातला माणूस चष्मा पुसतो.

मी डेक उलटा करून पाहिला. मागे 10 अँपिअरचा फ्यूज. इंजिन चालू असताना गाडीच्या वायरीत साधारण 14 व्होल्ट असतात. चौदा दाहे एकशे चाळीस. म्हणजे डेकमध्ये सतत जाऊ शकणार एकशे चाळीस वॅट आणि बाहेर येणार दोनशे! जमा 140, खर्च 200, आणि शिल्लक वर आनंद. शिवाय जमेतले बरेचसे डेक गरम करण्यातच जाते. अशी वही आमच्या शाखेत कोणी लिहिली असती तर त्याला दुपारचा चहा चौकशी अधिकाऱ्यांबरोबर घ्यावा लागला असता. सतत देता येणारी ताकद ती आरएमएस. ती अशा डेकमध्ये एका स्पीकरमागे पंधरा-वीस वॅट निघते. पीएमपीओ म्हणजे माणसाने लग्नात एका रात्री खर्च केलेला पैसा पाहून त्याचे मासिक उत्पन्न ठरवणे.

बरे, वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वाढ होते तीन डेसिबलची, जी कानाला जेमतेम कळते. दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. हे मी भाच्याला सांगितले. तो म्हणाला, ‘‘मामा, ते राहू द्या. एका दाराचा स्पीकर बंद केला की बेस वाढतो, असं कसं काय?’’

वूफर बंद करून दारांचे स्पीकर ऐकले, तर प्रश्न खरोखरच रास्त होता. दोन्ही चालू असताना ढोलकी कुणीतरी गादीत गुंडाळून वाजवतोय असे वाटे. डावा बंद केला की ढोलकी गादीतून बाहेर येई. याचा अर्थ एका दारातली जोडणी उलटी होती. अधिकच्या जागी उणे. उजव्या स्पीकरचा पडदा पुढे ढकलतो तेव्हा डावा मागे ओढतो. खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. (आमच्याकडे दोन अधिकारी असेच होते. एकाने पास केलेले व्हाउचर दुसरा परत पाठवी. दोघेही दिवसभर राबत.) तपासायची रीत फार सुंदर आहे. घड्याळातला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या दोन वायरींना क्षणभर टेकवायचा. पडदा बाहेर आला तर सेलच्या अधिक टोकाची वायर तीच अधिक.

दारांचे काम मात्र पहिल्या प्रतीचे. हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. स्पीकरच्या पुढून जसा आवाज निघतो तसा मागूनही निघतो, आणि दाराच्या पत्र्याला भोके राहिली तर तो वळून पुढच्याला भेटतो व पुन्हा तेच, खाऊन टाकणे. त्या पोराने आतली एकूण एक भोके जाड चिकटपट्टीने बुजवली होती. काचेवरून दारात पावसाचे पाणी उतरते, म्हणून स्पीकरवर आतून प्लॅस्टिकची छत्री केली होती. कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी ही छत्री. तिच्यापुढे मी समीक्षक म्हणून नम्र झालो.

आणि लगेच बॉनेट उघडल्यावर ताठ झालो. अँप्लिफायरची लाल वायर बॅटरीपासून थेट आत गेलेली. मध्ये फ्यूज नाही. पत्र्याच्या ज्या भोकातून ती केबिनमध्ये शिरते त्याला रबराची बुचीही नाही. नुसती पत्र्याची धार. गाडी हादरणार, वायर घासणार, एक दिवस आतले तांबे पत्र्याला टेकणार. त्या दिवशी बॅटरी आपल्याजवळचे सगळे एका दमात देऊन टाकते. वायर लाल होते, मग तिच्यावरचे प्लॅस्टिक पेटते, आणि वर सीटवर माझ्या बहिणीचा एकुलता एक मुलगा.

दुकानात गेलो. पोरगा म्हणाला, ‘‘साहेब, फ्यूज टाकला की सारखा उडतो. डायरेक्ट दिलंय, टेन्शन नाही.’’

मी त्याला म्हटले, ‘‘अरे, फ्यूज म्हणजे जामीनदार. दुसऱ्याच्या चुकीसाठी स्वतः जळायचं हेच त्याचं काम. आणि तो बॅटरीपासून हातभराच्या आतच बसवायचा, कारण बॅटरी ते फ्यूज एवढ्या वायरीला कोणीच वाली नसतो.’’ हे मी जरा जास्तच आवेशाने बोललो असेन. विषय जिव्हाळ्याचा होता.

बहिणीचे मत निराळे. रात्री दोनला गाडी गल्लीतून निघते. रात्री दहानंतर वस्तीत 45 डेसिबलच्या वर जायचे नाही हा नियम 2000 सालापासून आहे आणि भाचा तो पाळतो; गल्लीत गाणे बंद. हमरस्त्याला लागला की सुरू करतो. बहीण अंथरुणात जागी असते. लांबून ती ढोलकी आली की म्हणते, जागा आहे पोरगा, आणि कूस बदलते. गाण्याने झोप उडते यावर माझा विश्वास नाही; झोप फक्त झोपेने जाते. हे मी भाच्याला बजावले आहे. बहिणीला नाही.

पोराने शेवटी सगळे केले. वायर सरळ, भोकाला बुची, बॅटरीजवळ फ्यूज. बिल दिले : ‘बेस सरळ करणे, रु. 100’. फ्यूजचे पैसे लावले नव्हते. मी विचारले तेव्हा म्हणाला, ‘‘राहू द्या साहेब. तो काय वाजत नाही.’’