अक्षर वाचले, पाहिले नाही

कंधार आणि उदगीरच्या किल्ल्यांतले अरबी-फार्सी शिलालेख इतिहासकार सनावळीसाठी वाचतात. आम्ही मुसलमान अल्लाहचे नाव दिसले की अदबीने थबकतो आणि पुढे जातो. दगडात उभ्या-आडव्या रेषांचा तोल साधणाऱ्या कारागिराचा हुनर दोघांच्याही नजरेतून सुटतो. आमच्या मते ही रसिकतेतली उणीव आहे. उदगीरशेजारच्या बिदरची गोष्ट पाहा. जस्त-तांब्याच्या काळ्या धातूत चांदी बसवलेली बिदरी भांडी हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात काचेआड आहेत. पण बिदरमध्ये ती आजही घडतात, म्हणून ती कला जिवंत आहे. संग्रहालय वस्तू जपते, हुनर मात्र हातच जपतात. मुलांना तिलावतीबरोबर खुशखतही शिकवू या. मग कंधारचा दगड त्यांना नुसता वाचता येणार नाही, दिसेलही.