सूतिकेचे मन : एका पाहणीचे परीक्षण

विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांची गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात केलेली पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता विषण्णतेने ग्रस्त आढळल्या. त्यांतील बहुतेकींची मनोव्यथा गर्भारपणीच दिसून आली होती. निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही बऱ्या नव्हत्या. आपला सव्वा महिना शेक-मालिश व डिंकाचे लाडू यांनी देहाची काळजी वाहतो. मनाची व्यथा मात्र त्याच्या आधीची व नंतरचीही असते, हे या पाहणीचे मोल होय.

तथापि रुग्णालयात आलेल्या स्त्रियांवरून काढलेला निष्कर्ष अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यास जसाच्या तसा लावता येणार नाही. पाथर्डी-जामखेडकडील ऊसतोड स्त्री गर्भारपणीही कोयता घेऊन कारखान्याच्या तळावर जाते. तिला ना माहेर, ना सव्वा महिना. रुग्णालयाच्या दारी होणाऱ्या गणनेत ती सहसा सापडत नाही.

जामखेड येथे १९७० साली सुरू केलेल्या प्रकल्पात आरोळे दांपत्याने गावच्याच स्त्रियांना आरोग्यसेविका केले. अशा सेविकेने बाळाच्या वजनाबरोबर आईची झोप व तिचे रडेही विचारावे. आणि ही विचारपूस तळावरील कोपीपर्यंत पोचावी. पुढील संशोधनाची खरी कसोटी तीच होय.