विषुववृत्तावरची हजामत

१७ फेब्रुवारी १८३२. ‘बीगल’ने विषुववृत्त ओलांडले आणि खलाशांच्या रिवाजाप्रमाणे नवख्या डार्विनची हजामत झाली : डोळे बांधलेले, तोंडाला डांबर आणि रंग, वस्तऱ्याऐवजी खरखरीत लोखंडी पट्टी, शेवटी पाण्यात कोलांटी. इतरांचे हाल याहून वाईट झाले, हेही त्याने रोजनिशीत नोंदवले. १८३९ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात मात्र हा प्रसंग नाही. तो आहे त्याच वर्षीच्या कप्तान फिट्झरॉयच्या खंडात, समर्थनासह : सोंगाची तयारी करणाऱ्यांना मजा येते, मागाहून आठवणी निघतात. मला हेच खटकते. मजेचा हिशेब परवानगी देणाऱ्याने मांडला, आणि त्यात हजामत झालेल्यांचा रकानाच नाही. डार्विनची रोजनिशी ग्रंथरूपात यायला १९३३ उजाडले.