असं कसं?

मराठी घरात मालिका चालू असते तेव्हा समीक्षाही चालूच असते. 'काहीही दाखवतात', 'एक फोन करून विचारायचं ना सरळ', 'असं कुठं असतं का?' हे शेरे कुणी छापत नाही. त्यांना उत्तर मिळतं ते एकच: मनोरंजन आहे, लॉजिक लावू नका. हे उत्तर मला प्रेक्षकाचा अपमान वाटतं.

'होणार सून मी ह्या घरची' (2013–16) या मालिकेतलं नायिका जान्हवीचं गरोदरपण आठवा. महिने उलटले तरी मूल होईना, तेव्हा व्हॉट्सअॅपवर विनोदांचा पाऊस पडला. पण त्या हसण्यामागचा आक्षेप रास्त होता. सहा सासवांचं ते घर रोजच्या घरगुती तपशिलांवर उभं होतं, आणि समोर बसलेल्या बायकांना नऊ महिने म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको होतं. मालिकेने ज्या गोष्टीवर विश्वास कमावला, तीच तिने मोडली.

याचा दोष एकट्या लेखकावर टाकणं अन्यायाचं होईल. दैनंदिन मालिकेचे भाग प्रक्षेपणाच्या जेमतेम काही दिवस आधी चित्रित होतात. आठवड्याचा टीआरपी आला की चाललेला ट्रॅक ताणला जातो, पडलेला गुंडाळला जातो. नट सोडून गेला की पात्र परगावी जातं. शेवट कधी येणार हेच ठाऊक नसताना कथेची गाठ घट्ट बसणार कशी? दूरदर्शनवर तेरा भागांच्या मालिका असत, तेव्हा लेखकाला निदान मुक्काम माहीत असे.

प्रेक्षकाला वास्तवच हवं असतं, असंही नाही. 'अशी ही बनवाबनवी'त (1988) दोन पुरुष साड्या नेसून घरमालकीण लीलाबाईंच्या घरात राहतात आणि बाईंना संशय येत नाही. यावर आजवर कुणी हरकत घेतलेली मी ऐकली नाही. चित्रपट ही एक अट सुरुवातीलाच घालतो, आणि मग पुढचा जवळजवळ प्रत्येक प्रसंग पकडले जाण्याच्या भीतीतूनच घडवतो. एवढी शिस्त पाळली की लोक हवं ते मानायला तयार असतात.

कधी प्रेक्षकही चुकतो. 'सैराट'च्या शेवटी पळून गेलेल्या आर्चीच्या घरच्या माणसांना तिचा पत्ता लागला कसा, असं विचारणारे मला भेटले आहेत. त्याआधी ती आईला फोन लावते, लेकराला बोलायला देते. मग माणसं येतात ती आईने पाठवलेल्या वस्तू घेऊन. नागराज मंजुळे यांनी उत्तर दिलेलं आहे, फक्त ओरडून सांगितलेलं नाही. हातातल्या मोबाइलकडे बघत सिनेमा पाहिला की अशी उत्तरं निसटतात.

पण शंका खरी असेल तर तिचं सोनं होतं. निशिकांत कामत यांच्या 'दृश्यम'मध्ये (2015) नायक विजय साळगावकरने प्रेत पुरलं ते पोलीस ठाण्याचं बांधकाम चालू होतं त्या जागेत, आणि हे कळतं अगदी शेवटी. थिएटरबाहेर पडताना मनात येतंच: इतक्या उघड्या जागी, कुणीच पाहिलं नाही? मूळ मल्याळम कथेचे लेखक जीतू जोसेफ यांनी ही शंका झटकली नाही. 2021चा मल्याळम दुसरा भाग आणि 2022चा हिंदी अवतार त्याच प्रश्नावर उभे आहेत: त्या रात्री त्याला तिथून बाहेर पडताना एका माणसाने पाहिलेलं असतं.