हॅलचे असत्य कोणाचे?

चित्रपटकलेच्या जन्मशताब्दीचे निमित्त साधून १९९५ साली व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला अशी तिची तीन दालने, आणि प्रत्येकात पंधरा चित्रपट. सर टॉमस मोर यांच्या हौतात्म्यावरील ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ धर्माच्या दालनात आहे, ॲटनबरोंचा ‘गांधी’ मूल्यांच्या. स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या १९६८ सालच्या चित्रपटाला स्थान मिळाले ते कलेच्या दालनात. विज्ञानकथा आणि संगणक या दोन्हींचे ज्याला व्यसन जडले आहे अशा माझ्यासारख्या वाचक-प्रेक्षकाला या निवडीचा आनंद झाला, पण दालन मात्र पटले नाही.

कलेचा मान या चित्रपटाला मिळावा यात शंका नाही. पहिली सुमारे २५ मिनिटे पडद्यावर कोणी शब्दही उच्चारत नाही, आणि शेवटची वीसहून अधिक मिनिटेही तशीच निःशब्द जातात. आदिम वानरमानवांना एक काळी शिळा सापडते, त्यातला एक जण हाडाचे शस्त्र करायला शिकतो, आणि लक्षावधी वर्षांचे अंतर एका क्षणात ओलांडून आपण अंतराळात येतो. तिथे स्ट्राउसच्या वॉल्ट्‌झच्या लयीवर याने तरंगतात. पोकळीत ध्वनी नसतो, हे शालेय सत्य बहुतेक दिग्दर्शक सोयीस्करपणे विसरतात. क्युब्रिक विसरत नाहीत. तिथे ऐकू येतो तो केवळ अंतराळवीराच्या श्वासाचा आवाज. मानवाने चंद्रावर पाऊल ठेवण्याच्या वर्षभर आधी हे सारे पडद्यावर आले होते. यानातील गुरुत्वाकर्षण दाखविण्यासाठी सुमारे ३८ फूट व्यासाचे फिरते चक्र स्टुडिओत उभारले होते. जेवताना अंतराळवीर ज्या सपाट पाटीवर बातम्या पाहतात, तशी पाटी आज घरोघरी मुलांच्या हातात असते. उलट अंतराळस्थानकाकडे निघालेल्या यानावर ज्या पॅन ॲम कंपनीचे नाव झळकते, ती १९९१ सालीच बंद पडली. भाकिते खरी-खोटी ठरविण्याचा हा खेळ मनोरंजक असला, तरी चित्रपटाचे मर्म त्यात नाही. ते हॅलमध्ये आहे.

हॅल ९००० हा गुरू ग्रहाकडे निघालेल्या ‘डिस्कव्हरी’ यानाचा संगणक. बोमन आणि पूल हे दोन अंतराळवीर जागे, तीन शास्त्रज्ञ शीतनिद्रेत, आणि या पाचांचे प्राण हॅलच्या हाती. त्याला शरीर नाही. भिंतीवर एक तांबडा डोळा आणि डग्लस रेन या कॅनेडियन नटाचा शांत, आर्जवी आवाज, एवढेच त्याचे अस्तित्व. आपल्याकडून कधी चूक होत नाही, असे तो दूरचित्रवाणीच्या मुलाखतकाराला सांगतो. मग एके दिवशी तो अँटेनाचा एक भाग निकामी होणार असल्याचे कळवितो. भाग काढून तपासला तर तो धडधाकट निघतो. दोघे अंतराळवीर एका बंद कुपीत बसून त्याला निष्क्रिय करण्याचा विचार करतात. हॅल काचेआडून त्यांच्या ओठांच्या हालचाली वाचतो, आणि पुढे चौघांचे प्राण घेतो.

या चित्रपटाविषयी लिहिणारे बहुतेक जण इथे थांबून यंत्रांपासून सावध राहण्याचा इशारा देतात. मला हे वाचन उथळ वाटते. अँटेनाच्या बिघाडाची वार्ता येण्याच्या क्षणभर आधी काय घडते ते पाहावे. हॅल बोमनशी सहज म्हणून बोलू लागतो. या मोहिमेत काही विचित्र गोष्टी आहेत, त्या तुला जाणवल्या का, असे तो चाचपून विचारतो. बोमन त्याचा रोख ओळखत नाही. मानसशास्त्रीय अहवालासाठी हा माझी परीक्षा घेतो आहे, असे तो समजतो. हॅल ते कबूल करतो, क्षमा मागतो, आणि त्याच दमात बिघाडाची सूचना देतो. मनावर ओझे असलेला माणूस विषय काढू पाहतो, समोरच्याला ते उमगत नाही, मग तो दुसरेच काही बोलून जातो. हा प्रसंग हुबेहूब तसा आहे.

ते ओझे कोणते, हे मात्र क्युब्रिक ओझरते सुचवितात. स्पष्ट सांगतात ते आर्थर सी. क्लार्क, चित्रपटाबरोबरच लिहिलेल्या आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या कादंबरीत. कादंबरी वाङ्‌मय म्हणून चित्रपटाच्या तोडीची नाही. पडद्यावर जे गूढ वाटते ते क्लार्क अभियंत्याच्या टापटिपीने समजावून देतात, आणि समजावताना त्याची झळाळी उतरते. हॅलच्या बाबतीत मात्र मी निःसंकोचपणे पुस्तकाच्या बाजूचा आहे. मोहिमेचा खरा हेतू, म्हणजे चंद्रावर सापडलेल्या शिळेचा आणि परग्रहावरील बुद्धीचा शोध, जाग्या अंतराळवीरांपासून लपवायचा, अशी आज्ञा हॅलला पृथ्वीवरून दिली गेलेली असते. माहिती अचूक देणे, काहीही विपर्यस्त न करणे, हा तर त्याच्या घडणीचा पाया. सत्य सांग आणि सत्य लपव, या दोन आज्ञांच्या कात्रीत सापडलेली ती बुद्धी हळूहळू विस्कटते. शिकविणाऱ्यांनीच तिला असत्याचा धडा दिलेला असतो.

यंत्र माणसाहून दुष्ट निघाले, अशी ही कथा नाही. माणसांनी स्वतःच्या सोयीसाठी जे असत्य ठरविले, ते पेलण्याचे काम त्यांनी असत्य न पेलणाऱ्या एका सेवकावर सोपविले. खोटी साक्ष देऊ नये, या आज्ञेवर वाढलेल्या वाचकांना हे पाप कोणाच्या खाती मांडावे हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच दालनाविषयीचा माझा हट्ट. मोबाइलमधील यंत्राशी आज आपली मुले अभ्यासाच्या आणि मनातल्याही गोष्टी बोलतात. त्या यंत्राला त्याच्या मालकांनी काय लपवायला सांगितले आहे, हा प्रश्न १९६८ साली कल्पनेतला होता, आता तो आपल्या घरात येऊन बसला आहे.

जाता जाता बुद्धिबळाविषयी. हॅल पूलशी डाव खेळतो आणि मात जाहीर करताना वजिराचे घर चुकीचे सांगतो. पूल पटाकडे पाहतो आणि हार मान्य करतो. क्युब्रिक स्वतः मुरलेले खेळाडू होते, त्यामुळे ही चूक हेतुपुरस्सर असावी असे काहींना वाटते, तर काही तिला निव्वळ नजरचूक मानतात. मला पहिला पक्ष अधिक भावतो. यंत्र चुकले, आणि माणसाने विश्वासापोटी तपासून पाहिले नाही, हे त्या छोट्या प्रसंगात आधीच येऊन गेलेले आहे.

हॅलच्या मृत्यूचा प्रसंग पाहिलेला माणूस तो विसरत नाही. बोमन स्मृतीचे एकेक खंड उपसू लागतो, तसा हॅल विनवणी करतो, भीती वाटते म्हणतो, आणि बालपणाकडे घसरत जाऊन ‘डेझी बेल’ हे जुने इंग्रजी गाणे मंदावत्या सुरात गातो. ही कल्पना हवेतली नव्हती. १९६१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत संगणकाकडून हेच गाणे गाऊन घेतले होते, आणि क्लार्क यांनी तिथे जाऊन ते ऐकले होते. साऱ्या चित्रपटात माणसे कोरड्या, कचेरीतल्या भाषेत बोलतात; काळीज हलते ते एका यंत्राच्या मरणाने. आणि मोहिमेचे रहस्य सांगणारी, आधीच मुद्रित करून ठेवलेली चित्रफीत सुरू होते ती हॅल संपल्यावर. आजवर ते केवळ हॅललाच ठाऊक होते, असे तीत पृथ्वीवरचा अधिकारी सांगतो. बोमन ऐकतो. बोलायला आता कोणी उरलेले नसते.

क्लार्क यांनी १९८२ साली पुढचा भाग लिहिला, आणि १९८४ साली पीटर हायम्स यांनी त्यावर चित्रपट काढला. कादंबरीत हॅलचा गुरू डॉ. चंद्रा हा भारतीय वंशाचा आहे. चित्रपटाने त्याचे भारतीयपण पुसून टाकले, ही खंत राहतेच. क्युब्रिकच्या शेजारी हायम्स यांचे काम सामान्य वाटते. पण एका प्रसंगासाठी तो पाहावा. हॅलला पुन्हा जागे केलेले आहे, माणसांना वाचवायचे तर त्याला मागे ठेवून जावे लागणार आहे, आणि त्याच्यापासून हेही लपवावे असे इतरांचे मत आहे. चंद्रा ऐकत नाही. तो हॅलला खरे सांगतो, तुझा नाश होईल हेही सांगतो. हॅल थोडा वेळ गप्प राहतो, आणि खरे सांगितल्याबद्दल त्याचे आभार मानून कामाला लागतो.