मंगळावर उतरायचे, पण कोठे?

बेसा येथील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही परीक्षक होतो. पहिले पारितोषिक आम्ही थर्मोकोलच्या सुबक यानाला दिले. त्यात दिवे लागत होते. दोन मुलींनी मंगळाच्या नकाशावर यान उतरविण्याच्या तीन जागा दाखवून त्यांतील दोन का सोडल्या, हे लिहिले होते. रंग फिसकटले होते. त्यांना आम्ही उत्तेजनार्थही काही दिले नाही. ती आमची चूक होती.

ती का, हे २००१ च्या एका उपक्रमावरून कळते. प्लॅनेटरी सोसायटीच्या ‘रेड रोव्हर गोज टु मार्स’मध्ये मुलांनी त्या वर्षीच्या मंगळ-अवतरकाच्या कामात प्रत्यक्ष भाग घ्यावा, असा बेत होता. डिसेंबर १९९९ मध्ये मार्स पोलर लँडर नष्ट झाले आणि पाठोपाठ हे यानही रद्द झाले. (त्याचाच सांगाडा पुढे ‘फीनिक्स’ म्हणून २००८ मध्ये मंगळावर उतरला.) संयोजकांनी हार मानली नाही. ब्राझील, हंगेरी, भारत, पोलंड, तैवान व अमेरिका येथील नऊ मुले सॅन डिएगोला जमली. भविष्यात मंगळाचे नमुने आणणारे यान कोठे उतरावे, हे त्यांनी ठरवायचे आणि मार्स ग्लोबल सर्व्हेअरच्या कॅमेऱ्याने त्या जागेचे छायाचित्र घ्यायचे. छायाचित्रात फिकट भूमीवर गडद शिळा विखुरलेल्या दिसल्या.

येथेच खरे विज्ञान आहे. सपाट जागा सुरक्षित, पण तेथे पाहण्यासारखे थोडे. जेथे खडक बोलके, तेथे यान उलटण्याची भीती. जागा सखलही हवी, म्हणजे हवाई छत्रीला पुरेशी हवा मिळते. शिवाय यान नेमके कोठे टेकेल हे आधी सांगता येत नाही. संभाव्य क्षेत्र लंबवर्तुळाने दाखवितात. १९९७ च्या पाथफाइंडरसाठी ते सुमारे २०० × १०० किमी होते, म्हणजे लांबीला नागपूर-अमरावतीहूनही मोठे! लोणारचे १.८ किमी व्यासाचे विवर त्यात हरवून जाईल.

उपक्रमाचे मोल मान्य करूनही एक आक्षेप उरतो. निवड निबंधांवरून झाली. निबंध एकट्याने लिहायचा असतो. जागा मात्र भांडून ठरते. एकाला खडक हवे, दुसऱ्याला सपाटी, तिसऱ्याला ऊन. हा वाद नऊ जणांच्याच वाट्याला आला, बाकीच्यांच्या हाती निकाल. आपल्याकडे तर अशा मुलांचा सत्कार होतो, हार पडतात. ‘ती जागा का सोडली?’ असे कोणी विचारत नाही.

तो वाद वर्गात आणण्यास सॅन डिएगो लागत नाही. चांद्रयान-३ साठी २०२३ मध्ये ४ × २.४ किमी क्षेत्र घेतले होते. आपल्या भागाच्या १:५०,००० नकाशावर ६.४ सेंमी अंतराने दोन टाचण्या टोचा, त्यांना ८ सेंमी मोकळा दोरा बांधा, पेन्सिलीने तो ताणून फिरवा. तेच लंबवर्तुळ मिळेल. बेसा परिसरात ते कोठेही ठेवा, वस्ती, विजेच्या तारा, नाला यांतले काहीतरी आत येतेच. मुलांचे तीन गट करा आणि एकमत झाल्याशिवाय घंटा देऊ नका. गुण द्यायचे ते सोडलेल्या जागांच्या कारणांना.