क्लाइव्ह कुटुंब आणि गुडघे टेकलेली आया

सर जोशुआ रेनल्ड्स (१७२३-१७९२) यांनी १७६५-६६च्या सुमारास रंगविलेले जॉर्ज क्लाइव्ह यांच्या कुटुंबाचे तैलचित्र आज बर्लिनच्या चित्रसंग्रहालयात आहे. जॉर्ज हे प्लासीच्या रॉबर्ट क्लाइव्हचे भाऊबंद. हिंदुस्थानात संपत्ती मिळवून ते मायदेशी परतले, पेढीच्या व्यवसायात शिरले, १७६३ साली विवाहबद्ध झाले आणि त्याच वर्षी ‘बिशप्स कॅसल’ मतदारसंघातून पार्लमेंटात गेले. नावात बिशप असला तरी ती जागा क्लाइव्ह घराण्याच्या खिशातली होती!

अशा नवश्रीमंतांना इंग्रज समाज उपहासाने ‘नबाब’ म्हणे. १७७२ साली सॅम्युएल फूट यांनी याच नावाचे प्रहसन रंगभूमीवर आणले. जुन्या उमरावांच्या पंक्तीला बसू पाहणाऱ्या माणसाला रेनल्ड्ससारख्या चित्रकाराकडून चित्र काढून घेणे हा एक राजमार्ग होता. १७६८ साली स्थापन झालेल्या रॉयल अकादमीचे पहिले अध्यक्षपद पुढे याच चित्रकाराकडे गेले.

चित्रात पती, रेशमी वस्त्रांतील पत्नी, त्यांची चिमुकली मुलगी आणि तिला सावरीत गुडघे टेकलेली हिंदी आया आहे. मुलीच्या अंगावर हिंदुस्थानी पोशाख आहे. वडील परतल्यानंतर विवाह झाला, तेव्हा हा पोशाख तिच्या सवयीचा नव्हे, तो मिरविण्याचा. संपत्ती कोठून आली हे लपविण्याऐवजी क्लाइव्ह यांनी ते लेकराच्या अंगावर चढविले. यात धीटपणा आहे, तसाच निगरगट्टपणाही आहे.

बाळापुढे गुडघे टेकलेली आकृती पाहताच आपल्याला तीन राजांच्या वंदनाची चित्रे आठवतात. तेथे राजे नमतात. येथे नमते ती चाकर. रेनल्ड्स यांनी जुन्या आचार्यांच्या रचना बारकाईने अभ्यासल्या होत्या आणि व्यक्तिचित्रांत ते त्या सर्रास वापरीत. हेतू काही असो, मला हे उसने वैभव खटकते. मात्र त्याच चित्रकाराच्या कुंचल्याने या स्त्रीचा सावळा चेहरा शोभेची वस्तू म्हणून उरकलेला नाही. मालकाच्या ऐटीपेक्षा तिच्या हातांतील जपणूक मला अधिक खरी वाटते. चित्राचा जिवंतपणा तेथेच आहे.

‘आया’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि आपल्याकडून इंग्रजांकडे गेला. शब्दाबरोबर बायकाही समुद्रापार गेल्या. कित्येकींना परतीचे भाडे न देताच मालकांनी सोडून दिले. लंडनच्या हॅकनी भागात त्यांच्यासाठी एक निवारागृह चालत असे. २०२२ साली त्या वास्तूवर स्मृतिफलक लागला. क्लाइव्हांच्या चित्रातील आयेचे पुढे काय झाले असेल? चित्राच्या शीर्षकात घराण्याचे नाव आहे. ती तेथे फक्त ‘हिंदी आया’ आहे.